केशवराव जेधे आणि जिल्ह्यातला पक्ष

राजकीय पक्षाचा जिल्हाध्यक्ष बदलला, ही वर्तमानपत्राच्या आतल्या पानावरची चार ओळींची बातमी असते. प्रदेश कार्यालयातून एक पत्र निघते, मावळत्या अध्यक्षांचे आभार मानले जातात, नव्या अध्यक्षांच्या अभिनंदनाचे फलक चौकाचौकांत लागतात. आणि ज्या कार्यकर्त्याने वर्षानुवर्षे मतदारयाद्या तपासल्या, सभेच्या सतरंज्या घातल्या आणि मतदानाच्या दिवशी म्हाताऱ्याकोताऱ्यांना केंद्रापर्यंत पोहोचविले, तो ही बातमी इतरांच्या बरोबरच सकाळी वाचतो. त्याचे मत कोणी विचारलेले नसते, आणि ते विचारले जावे अशी अपेक्षाही आता त्याने सोडून दिलेली असते. हे सर्व इतके अंगवळणी पडले आहे की, पूर्वीही असेच चालत असले पाहिजे असा समज सहज व्हावा. वस्तुतः तसे नव्हते. महाराष्ट्रात एके काळी जिल्ह्याचा आणि तालुक्याचा पक्ष कोणाच्या हाती असावा या प्रश्नावर मोठी झुंज झाली, आणि त्या झुंजीने या राज्याच्या राजकारणाची घडण बदलली. त्या झुंजीच्या केंद्रस्थानी असलेले केशवराव मारुतराव जेधे आज प्रामुख्याने पुण्यातील स्वारगेटच्या एका चौकाच्या नावापुरते उरले आहेत. त्यांचे चरित्र पुन्हा एकदा नजरेखालून घालणे म्हणूनच अप्रस्तुत ठरणार नाही.

हा विचार कोपरखैरण्यासारख्या ठिकाणी अधिक लागू पडतो. येथील मूळची वस्ती आगरी-कोळी समाजाची; भातशेती, मिठागरे आणि खाडीतील मासेमारी यांवर जगणाऱ्या पट्ट्यातले हे गाव. १९७० नंतर नव्या शहरासाठी जमिनी गेल्या आणि गावठाणाभोवती नगर उभे राहिले. त्या नगरात पुढे माथाडी कामगारांच्या वसाहती झाल्या, आणि सातारा-पुणे या जिल्ह्यांच्या डोंगराळ तालुक्यांतून मुंबईत ओझी वाहण्यासाठी आलेली कुटुंबे येथे स्थिरावली. एकीकडे कुलाबा-ठाण्याच्या किनाऱ्यावरचा शेतकरी, दुसरीकडे घाटमाथ्यावरचा शेतकऱ्याचा मुलगा. या दोन्ही समाजांच्या मागच्या पिढ्यांनी जे राजकारण पाहिले, त्यावर केशवरावांच्या कार्याची छाया पडलेली आहे.

केशवरावांचा जन्म २१ एप्रिल १८९६ रोजी पुण्यात झाला. शहाजीराजे आणि शिवाजीमहाराज यांच्या सेवेत निष्ठेने राहिलेले कान्होजी जेधे हे भोर खोऱ्यातील कारीचे देशमुख; त्यांच्या घराण्याचा हा वारसा. पुण्यातील जेधे कुटुंबाचा तांब्या-पितळेच्या भांड्यांचा कारखाना होता आणि घर सुस्थितीत होते. थोरले बंधू बाबुराव हे सत्यशोधक विचाराचे. शुक्रवार पेठेतील जेधे मॅन्शन ही वास्तू १९२० नंतरच्या दशकात ब्राह्मणेतर चळवळीचे पुण्यातील ठाणे बनली. व्यवसायाची चिंता घरातील इतरांनी वाहिली आणि केशवरावांना सार्वजनिक कार्यास मोकळीक मिळाली. सार्वजनिक कार्यकर्ता कोणाच्या तरी कष्टांवर उभा असतो; जेधे यांच्या बाबतीत हा भार कुटुंबाने उचलला, ही गोष्ट विसरता येत नाही.

त्या वेळचे पुणे हे टिळकांच्या वारशाचे शहर होते. सभा, संस्था, वर्तमानपत्रे आणि नगरपालिका यांत ब्राह्मण सुशिक्षितांचे वर्चस्व होते. त्याला आव्हान देण्यासाठी तरुण केशवरावांनी गणेशोत्सवात छत्रपती मेळा उभा केला. मेळ्यांच्या पदांतून परस्परांवर केलेली टीका रस्त्यावर गाजू लागली. १९२५ मध्ये नगरपालिकेत जोतीराव फुले यांचा पुतळा उभारण्याचा ठराव त्यांनी मांडला. तो संमत झाला नाही. ज्या शहरात जोतीरावांनी मुलींची शाळा काढली, त्याच शहराच्या प्रतिनिधींना त्यांचा पुतळा नको होता, ही गोष्ट केशवरावांच्या मनात सलत राहिली. त्याच वर्षी दिनकरराव जवळकर यांचे ‘देशाचे दुश्मन’ हे पुस्तक निघाले. त्यात टिळक आणि विष्णुशास्त्री चिपळूणकर यांच्यावर अत्यंत जहाल टीका होती. केशवराव त्याचे प्रकाशक होते. अब्रुनुकसानीच्या खटल्यात खालच्या न्यायालयाने शिक्षा ठोठावली, अपिलात डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी वकीलपत्र घेतले आणि सर्वांची सुटका झाली.

या कालखंडातील केशवराव धडाडीचे, परंतु एकांगी होते, असे म्हणावे लागेल. १९२७ साली महाडच्या सत्याग्रहाला जेधे-जवळकरांनी पाठिंबा देऊ केला तो ब्राह्मणांना त्यात घेऊ नये या अटीवर. ब्राह्मणांना नव्हे, तर ब्राह्मण्याच्या वृत्तीला विरोध करणाऱ्या आंबेडकरांनी ती अट मान्य केली नाही. हा प्रसंग केशवरावांच्या जीवनात निर्णायक ठरला असे ठामपणे म्हणता येणार नाही. परंतु पुढच्या तीनच वर्षांत त्यांच्या राजकारणाने जे वळण घेतले, त्याच्या मुळाशी असलेला प्रश्न या प्रसंगातच दिसतो. केवळ एका जातीच्या विरोधावर उभे राहिलेले राजकारण किती दूर जाऊ शकेल, हा तो प्रश्न होय.

ब्राह्मणेतर पक्ष तोपर्यंत एका कोंडीत सापडला होता. मंत्रिपदे, नोकऱ्या आणि कायदेमंडळातील राखीव जागा मिळविण्यासाठी तो सरकारच्या कृपेवर अवलंबून राहू लागला होता. काही थोड्या नेत्यांना पदे मिळाली. परंतु खेड्यातल्या शेतकऱ्याचा सारा, सावकाराचे व्याज आणि धान्याचे कोसळलेले भाव यांत फरक पडला नाही. १९२९ नंतरच्या जागतिक मंदीने शेतीमालाच्या किमती खाली आल्या आणि शेतकऱ्यांची स्थिती अधिकच बिकट झाली. अशा वेळी १९३० चा मिठाचा सत्याग्रह सुरू झाला. आपले शेतकरी बांधव परकीय सरकारविरुद्ध उभे राहत असताना आपण त्या सरकारच्या बाजूला राहणे योग्य नव्हे, या जाणिवेने केशवराव अनुयायांसह काँग्रेसमध्ये आले आणि त्यांनी कारावास पत्करला. पुण्यात काकासाहेब गाडगीळ या ब्राह्मण सहकाऱ्याशी त्यांची जोडी जमली. पाच वर्षांपूर्वी ज्यांनी टिळकांविरुद्धच्या पुस्तकावर प्रकाशक म्हणून आपले नाव घातले होते, ते आता टिळकांच्याच पक्षात शिरले. विरोधकांनी याला संधिसाधूपणा म्हटले, तर कित्येक जुन्या सहकाऱ्यांनी द्रोह. दोन्ही आरोप त्यांनी सहन केले.

या निर्णयाचे मर्म समजण्यासाठी तेव्हाच्या काँग्रेसची रचना ध्यानात घेतली पाहिजे. १९२० च्या नागपूर अधिवेशनात महात्मा गांधींच्या प्रेरणेने काँग्रेसने नवी घटना स्वीकारली. चार आणे वर्गणी भरणारा कोणीही प्रौढ माणूस पक्षाचा प्राथमिक सभासद होऊ लागला. सभासदांनी खालच्या समित्या निवडायच्या, तालुका आणि जिल्हा यांच्या समित्या त्यांतून उभ्या राहायच्या, आणि त्यांच्यावर भाषावार प्रांतिक समिती. म्हणजे ज्या गटाने खेडोपाडी जाऊन सभासद नोंदविले, त्याच्या हाती जिल्हा समिती येण्याचा मार्ग कागदावर तरी खुला होता. पुण्याच्या वकील मंडळींना शहरातले सभासद मिळत. मावळ, पुरंदर, बारामती येथील शेतकऱ्यापर्यंत पोहोचण्याची सोय त्यांच्याकडे कमी होती. केशवरावांकडे ती होती. सत्यशोधक जलशांनी आणि छत्रपती मेळ्यांनी जी माणसे जोडली होती, तीच आता काँग्रेसची चार आण्यांची सभासद झाली. पक्षाबाहेर राहून पक्षाच्या नेत्यांना शिव्या देण्यापेक्षा, पक्षाचे दार उघडे असेल तर आत शिरून बहुमत मिळवावे, हा त्यांचा हिशेब होता. आणि तो लोकशाहीच्या दृष्टीने निर्दोष होता.

फळ लवकरच दिसू लागले. गाडगीळ आणि जेधे दोघेही मध्यवर्ती विधिमंडळात निवडून गेले. डिसेंबर १९३६ मध्ये खानदेशातील फैजपूर येथे काँग्रेसचे पहिले ग्रामीण अधिवेशन पंडित नेहरू यांच्या अध्यक्षतेखाली भरले. शेतकरी मोठ्या संख्येने अधिवेशनास आले, आणि शेतीविषयक कार्यक्रम काँग्रेसच्या व्यासपीठावर ठळकपणे आला. महाराष्ट्रातील काँग्रेस शहरी उरलेली नाही, हे तेथे सर्वांना दिसले. पुढे महाराष्ट्र प्रांतिक काँग्रेसचे अध्यक्षपद केशवरावांकडे आले. शुक्रवार पेठेतून निघालेला ब्राह्मणेतर कार्यकर्ता प्रांताच्या पक्षप्रमुखपदी पोहोचला, तो कोणाच्या मेहेरबानीने नव्हे, तर सभासदांच्या आणि समित्यांच्या बळावर. भारताच्या घटना समितीतही त्यांनी काम केले.

तथापि याच यशात पुढच्या संघर्षाचे बीज होते. सभासद खेड्यातले, तुरुंगात गेलेली बरीच माणसे खेड्यातली. परंतु मंत्रिमंडळ, धोरण आणि उमेदवारांची निवड यांत निर्णायक शब्द जुन्याच वर्तुळाचा राहिला, अशी भावना वाढत गेली. १९४२ च्या आंदोलनानंतर साताऱ्यात नाना पाटील यांच्या नेतृत्वाखाली प्रतिसरकार उभे राहिले, आणि खेड्यातील तरुणांना आपल्या सामर्थ्याची जाणीव झाली. १९४६ नंतर धान्याची सक्तीची लेव्ही, नियंत्रणे आणि कुळांचे प्रश्न यांवरून शेतकऱ्यांत असंतोष पसरला. केशवराव, शंकरराव मोरे, तुळशीदास जाधव, भाऊसाहेब राऊत, दत्ता देशमुख प्रभृतींनी काँग्रेसच्या आत शेतकरी-कामकरी संघ स्थापन केला. आत राहून दबाव आणावा हाच प्रारंभी उद्देश होता. परंतु पक्षाच्या आत स्वतंत्र घटनेचा संघटित गट चालणार नाही असा निर्णय काँग्रेसने १९४८ साली घेतला. त्याच वर्षी समाजवादी बाहेर पडले, आणि जेधे-मोरे गटानेही वेगळी वाट धरून शेतकरी कामगार पक्ष उभा केला.

येथे एक प्रश्न विचारला पाहिजे. ज्या मार्गाने, म्हणजे सभासदांच्या बळावर, केशवरावांनी प्रांतिक समिती मिळविली होती, तो मार्ग त्यांनी का सोडला? पक्षाने अंतर्गत गटांना मज्जाव केला हे एक उत्तर आहे, आणि ते खरे आहे. दुसरे उत्तर असे की, तोपर्यंत काँग्रेस हा सत्ताधारी पक्ष झाला होता. सत्ता आली की सभासद-नोंदणीचा अर्थ बदलतो. स्वातंत्र्यापूर्वीच बोगस सभासदांची तक्रार गांधीजींपर्यंत गेली होती. पक्षाच्या वह्यांत नावे वाढली, पण ती नावे असलेली माणसे सभेला येईनात. अशा स्थितीत खालून वर चढण्याची शिडी कागदावर राहते, तिच्या पायऱ्या मात्र वरच्यांनी काढून घेतलेल्या असतात.

नव्या पक्षाचे प्रारंभीचे चित्र आशादायक होते. पण १९५० मध्ये नाशिक जिल्ह्यातील दाभाडी येथे पक्षाने मार्क्सवादी-लेनिनवादी भूमिकेचा प्रबंध स्वीकारला. शंकरराव मोरे यांच्या बुद्धिमत्तेचा त्यावर ठसा होता. तालुक्याच्या बाजारात शेतकऱ्याशी त्याच्या भाषेत बोलणाऱ्या केशवरावांना हे तत्त्वज्ञान मानवणारे नव्हते. शेतकऱ्यांचा पक्ष म्हणून जमलेल्यांपैकी अनेकांना आपल्या पक्षाची भूमिका समजेनाशी झाली. १९५२ च्या पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीत अपेक्षित यश आले नाही, आणि १९५४ साली केशवराव काँग्रेसमध्ये परतले. जो पक्ष त्यांनी स्थापन केला, त्याच्यातून तेच निघून गेले. आयुष्यातला हा सर्वांत दुबळा क्षण, असे त्यांच्या चाहत्यांनाही मान्य करावे लागेल. ज्यांनी त्यांच्या शब्दावर जुना पक्ष सोडला होता, त्या खेड्यापाड्यातील कार्यकर्त्यांना विचारून हा निर्णय झाला नव्हता.

पक्ष मात्र संपला नाही, आणि तो कोठे टिकला हे पाहणे उद्बोधक आहे. पुणे-साताऱ्याच्या पट्ट्यात, जेथे तो प्रामुख्याने मोठ्या नेत्यांच्या नावावर उभा होता, तेथे नेते परतताच तो ओसरला. कुलाबा जिल्ह्यात, म्हणजे १९८१ नंतरच्या रायगडात, तो दशकानुदशके राहिला. याचे कारण तेथे पक्ष येण्यापूर्वीच शेतकऱ्यांची संघटना उभी होती. नारायण नागू पाटील यांच्या नेतृत्वाखाली अलिबाग तालुक्यातील चरी येथे १९३३ साली कुळांनी खोतांच्या जमिनी न कसण्याचा निर्धार केला. पंचवीस गावांनी सुमारे सहा वर्षे हा संप चालविला, उपासमार सोसली, जंगलातील लाकूडफाट्यावर दिवस काढले. अशा गावांना पक्ष कोणी येऊन द्यावा लागला नाही. त्यांनी पक्षाला आपल्यात घेतले. दुष्काळी सांगोल्यात गणपतराव देशमुख याच पक्षाचे आमदार म्हणून अकरा वेळा निवडून आले, तेही गावोगावच्या अशाच संबंधांवर.

नव्या मुंबईसाठी ९५ गावांच्या जमिनी घेण्याचे ठरले, तेव्हा किनाऱ्यावरची हीच परंपरा कामी आली. शेतकरी कामगार पक्षाचे दि. बा. पाटील यांच्या नेतृत्वाखाली प्रकल्पग्रस्त उभे राहिले. जानेवारी १९८४ मध्ये उरण तालुक्यातील जासई-नवघर परिसरात पोलिसांच्या गोळीबारात पाच शेतकऱ्यांनी प्राण गमावले. त्या बलिदानातून संपादित जमिनीच्या साडेबारा टक्के विकसित भूखंड मूळ मालकांना परत देण्याचे तत्त्व पुढे आले. कोपरखैरण्याच्या गावठाणातील आजच्या घरांच्या मागे हा इतिहास आहे. केशवराव तोपर्यंत हयात नव्हते. त्यांनी ज्या पक्षाचा पाया घातला आणि जो अर्ध्यावर सोडला, त्या पक्षाने हे काम केले. नेता निघून गेल्यावरही संघटना टिकली, कारण ती नेत्याच्या आधारावर नव्हती.

केशवरावांच्या जीवनाचा शेवटचा अध्याय संयुक्त महाराष्ट्राचा आहे. ६ फेब्रुवारी १९५६ रोजी पुण्यात संयुक्त महाराष्ट्र समितीची स्थापना झाली ती त्यांच्याच अध्यक्षतेखाली. एकमेकांविरुद्ध लढलेले समाजवादी, साम्यवादी, शेतकरी कामगार पक्षाचे लोक आणि आंबेडकरांचे अनुयायी यांना एका बैठकीत बसविण्यासाठी सर्वांनी मान द्यावा असा वडीलधारा माणूस हवा होता, आणि तो मान त्यांना मिळाला. १९५७ साली बारामतीतून ते लोकसभेवर निवडून गेले. १२ नोव्हेंबर १९५९ रोजी त्यांचे निधन झाले. महाराष्ट्र राज्य अस्तित्वात आले ते त्यानंतर सहा महिन्यांच्या आतच. त्यांच्या जागेसाठी १९६० मध्ये जी पोटनिवडणूक झाली, तीत काँग्रेसने त्यांचे चिरंजीव गुलाबराव यांना उभे केले आणि ते शेतकरी कामगार पक्षाच्या उमेदवाराविरुद्ध निवडून आले. वडिलांनी स्थापन केलेल्या पक्षाचा पराभव मुलाने करावा, आणि तोही वडिलांच्या नावाच्या पुण्याईवर, हा योग विचार करायला लावणारा आहे.

नेतृत्वबदलाची केशवरावांची मूळ आकांक्षा दुसऱ्याच्या हातून पूर्ण झाली. काँग्रेस न सोडता आत राहिलेले यशवंतराव चव्हाण १९५६ मध्ये द्विभाषिक मुंबई राज्याचे आणि १९६० मध्ये महाराष्ट्राचे मुख्यमंत्री झाले. शेतकरी कुटुंबांतील तरुण पिढी जिल्हा परिषदा, सहकारी संस्था आणि मंत्रिमंडळ यांत आली. सत्तेतल्या माणसांचे सामाजिक मूळ बदलले, हे मोठेच परिवर्तन होते. परंतु पक्षाच्या कारभाराची रीत बदलली काय? चार आण्यांच्या सभासदाने जिल्हा समिती निवडायची, ही रीत मात्र मागे पडत गेली. नेतृत्व एका वर्गाकडून दुसऱ्या वर्गाकडे गेले आणि तेथेच पुन्हा घराण्यांत स्थिर झाले. आज जवळजवळ सर्वच पक्षांत जिल्हाध्यक्ष हा वरून नेमला जातो. निवडणूक आयोग पक्षांकडून अंतर्गत निवडणुकांची अपेक्षा करतो, पक्षही त्या झाल्याचे कागद सादर करतात. कार्यकर्त्याला त्या झाल्याचे कळत नाही.

याचे परिणाम नागरिकाला भोगावे लागतात. नवी मुंबई महापालिकेच्या लोकनियुक्त सभागृहाची मुदत २०२० मध्ये संपली आणि त्यानंतर पाच वर्षांहून अधिक काळ कारभार प्रशासकाच्या हाती राहिला. लाखोंच्या वस्तीला नगरसेवक नव्हता. या विलंबाला न्यायालयीन आणि शासकीय कारणे होती हे खरे. पण पक्षांच्या वॉर्डातील समित्या खरोखर जिवंत असत्या, तर पाणी, कचरा आणि गावठाणातील घरांचे प्रश्न त्यांनी नगरसेवकाविनाही लावून धरले असते. पक्ष बदलणाऱ्या नेत्याबरोबर सगळे कार्यालय एका रात्रीत दुसऱ्या झेंड्याखाली जाते, यावरूनच त्या कार्यालयात सभासद किती होते आणि अनुयायी किती, याचा अंदाज येतो.

अंतर्गत निवडणुका घेतल्या तर गटबाजी माजेल, पैसा खेळेल, बोगस नावे भरतील, असा आक्षेप घेतला जातो. तो अगदीच निराधार नाही. केशवरावांच्या काळातही हे दोष होते. परंतु नेमणुकीच्या पद्धतीने गटबाजी थांबली आहे काय? ती फक्त वॉर्डातून उठून प्रदेश कार्यालयाच्या दारात गेली आहे. उघड्या मतदानातील भांडण निदान लोकांना दिसते आणि पुढच्या वेळी सुधारता येते. सभासदांची यादी वॉर्डात लावणे, वर्षातून एकदा त्यांची सभा घेणे आणि अध्यक्षाची निवड त्या यादीतून करणे, यासाठी कायद्याची वाट पाहण्याचे कारण नाही.

या पानाचा वाचक बहुधा शिक्षक, कारकून किंवा विद्यार्थी असतो. शिक्षकांपैकी आणि नोकरदारांपैकी अनेकांना सेवेच्या नियमांमुळे पक्षाचे सभासद होता येत नाही. त्यांनी मत मागायला आलेल्याला एवढेच विचारावे की, तुमची उमेदवारी आणि तुमचा अध्यक्ष या वॉर्डातल्या किती सभासदांनी ठरविला. ज्यांच्यावर असे बंधन नाही, विशेषतः अठरा वर्षे पूर्ण झालेल्या विद्यार्थ्यांनी, ज्या पक्षाचे विचार पटतात त्याचे रीतसर सभासद व्हावे, पावती घ्यावी आणि सभेची मागणी करावी. केशवराव जेधे यांनी १९३० नंतर जे केले ते याहून फारसे वेगळे नव्हते. त्यांनी खेड्यातल्या माणसाला पक्षाच्या वहीत नाव लिहायला लावले आणि त्या नावाला मत असते हे दाखवून दिले. पुढे त्यांच्या हातून चुका झाल्या, त्या मुख्यतः याच माणसाला विचारायचे राहिले तेव्हा झाल्या. कोपरखैरण्याच्या गावठाणात आणि माथाडी वसाहतीत आज जे कार्यकर्ते निमूटपणे फलक बांधत आहेत, त्यांचे नावही एखाद्या वहीत असले पाहिजे, आणि त्या नावाला मत असले पाहिजे.